चंबळवरचं ते बदक फाल्केटेड होतं का?

प्रश्न ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मुलीचा आहे. कॉलेजात शिकते, पक्षी बघायला लागून तिचा हा दुसराच हिवाळा. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: "काका, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मामाबरोबर चंबळवरच्या राजघाटला गेले होते. नऊच्या सुमारास कोहरा उठला. पलीकडच्या वाळूच्या पट्टीजवळ पंधरा-वीस गॅडवॉल बदकं होती आणि त्यांच्यात एक वेगळंच बदक. डोकं मोठं आणि गडद, मानेमागे केस लोंबावेत तसं काहीतरी. अंग राखाडी. शेपटीजवळ पिवळसर डाग. आकाराने गॅडवॉलएवढंच. चारेक मिनिटं दिसलं, मग एक नाव आली आणि सगळे उडाले. फोटो आहेत, पण हललेले. घरी येऊन पुस्तक उघडलं तर फाल्केटेड डक! ज्यांना विचारलं ते म्हणतात, टील असेल. आता मी काय समजू, आणि पुढे काय करू?"

आधी माझा कौल सांगतो. वर्णन वाचून माझा कल फाल्केटेड नराकडेच आहे. फाल्केटेड म्हणजे पूर्व आशियातलं, आपल्याकडे क्वचितच दिसणारं बदक. पण वहीत तसं लिहिण्याआधी दोन गोष्टी हव्यात आणि त्या बहुतेक तुझ्या त्या हललेल्या फोटोंमध्येच आहेत. तेव्हा एकही फोटो उडवू नकोस.

आता टीलवाल्यांचं. त्यांना हसू नकोस, त्यांची शंका रास्त आहे. कॉमन टीलच्या नराला शेपटीखाली दोन्ही बाजूंना पिवळसर तिकोनी डाग असतो, फाल्केटेडच्या नरालाही असतो. टीलचंही डोकं गडद असतं, डोळ्याभोवती हिरवा पट्टा आणि बाकी तांबूस. लांबून सगळं मिळून काळपटच दिसतं. अंग दोघांचंही राखाडी. म्हणजे तू दिलेल्या खुणांपैकी तीन टीललाही लागू पडतात. तुझी बाजू वाचते ती एका वाक्यामुळे: "आकाराने गॅडवॉलएवढंच". टील हे इवलंसं बदक आहे, ३५ सेंटिमीटरच्या आसपास. गॅडवॉल ५० च्या घरातलं, फाल्केटेडही तेवढंच. गॅडवॉलच्या थव्यात टील बसलं तर मोठ्या बहिणींत शेंडेफळ बसल्यासारखं दिसतं, ते नजरेतून सुटत नाही. एकट्या पक्ष्याचा आकार मी कुणाचाच मानत नाही, माझा स्वतःचासुद्धा. वाळूवर एकटं बसलेलं बदक कोहऱ्यात हंसाएवढं वाटू शकतं. पण शेजारी ओळखीचं बदक असेल तर ते फूटपट्टीसारखं काम करतं, आणि तुझ्याकडे अशा पंधरा-वीस फूटपट्ट्या होत्या.

मला या सगळ्यात तुझं हेच सर्वात जास्त आवडलं. तू फाल्केटेड शोधायला गेली नव्हतीस. तुला गॅडवॉल नीट माहीत होता, म्हणून त्यात न बसणारा एक तुला खटकला. माझ्या इतक्या वर्षांच्या भटकंतीत दुर्मीळ बदक कधी समोर येऊन 'मी दुर्मीळ' असं म्हणालेलं नाही. थव्यातल्या एकेकाचा हिशेब लावत जायचं, हा गॅडवॉल, हाही गॅडवॉल, ही मादी, हा थापट्या (शॉव्हेलर), आणि हिशेबात न बसता जे उरेल ते बघायचं. हे कंटाळवाणं काम आहे. नव्वद वेळा काहीच उरत नाही. तरी दुसरा रस्ता मला माहीत नाही.

गॅडवॉलबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुझ्या गोष्टीत खरा नायक तोच आहे. अनेकांना तो फार साधा वाटतो. नर राखाडी, पार्श्वभाग काळा, झालं. थांबून बघ: अंगावर बोटांच्या ठशांसारखी बारीक नक्षी असते, पंखावर पांढरा चौकोन, आणि मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी. तो पांढरा चौकोन पोहताना कधी दिसतो, कधी झाकलेला असतो. उडाला की हमखास दिसतो. फाल्केटेडच्या पंखावर तसा पांढरा चौकोन नाही. तिथे काळपट हिरवा पट्टा आणि त्याच्या पुढच्या कडेला पांढरट रेघ. नाव आली तेव्हा थवा उडाला असं तू म्हणतेस. त्या वेळी तू बटण दाबून ठेवलं असशील तर उडतानाचे फोटो आधी उघड. पंधरा पक्ष्यांच्या पंखांत पांढरं चमकतंय आणि एकाच्या नाही, एवढं जरी दिसलं तरी अर्धं काम झालं. त्यासाठी फोटो स्वच्छ असण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट गळ्याची. फाल्केटेड नराचा गळा पांढरा असतो आणि त्या पांढऱ्यावर खालच्या बाजूला एक काळी कडी. आपल्याकडच्या नेहमीच्या बदकांत असा काळ्या कडीचा पांढरा गळा कुणाचाच नाही. थापट्याची छाती पांढरी असते, तलवार बदकाच्या (पिनटेलच्या) मानेवरून पांढरी पट्टी वर चढते, पण डोक्याखाली लगेच पांढरं, मग काळी कडी, मग राखाडी अंग, असा क्रम फाल्केटेडचाच. तुझ्या पत्रात गळ्याचा उल्लेखच नाही. दिसला नाही की लक्ष गेलं नाही? या दोन उत्तरांत फार फरक आहे. मान आखडून झोपलेल्या बदकाचा गळा दिसत नाही, त्यात तुझा दोष नाही. पण ते चार मिनिटं डोकं वर करून पोहत होतं आणि तरी तुला पांढरा गळा आठवत नसेल, तर मी जरा मागे सरकेन.

तिसरी खूण ती, जिच्यावरून त्याचं नाव पडलं. लॅटिनमध्ये फाल्काटा म्हणजे विळ्यासारखी. नराच्या पाठीवरून, पंखाच्या आतल्या बाजूने, लांब वाकडी पिसं निघतात आणि शेपटीवर विळ्यासारखी लोंबतात. मराठीत त्याला विळा बदक म्हणायला काही हरकत नव्हती, पण तसं कोणी म्हणत नाही. आम्ही सगळे फाल्केटेडच म्हणतो. या पिसांबाबत एक सावधगिरी. गावातल्या तळ्यांवर पाळीव बदकं असतात, मॅलर्डच्या वंशातली. त्यांच्या नराच्या शेपटीवर दोन-चार पिसं वर वळलेली असतात, जिलबीच्या वेटोळ्यासारखी. नवख्या माणसाला हेच विळे वाटतात. कुठून निघाली आणि कुठे वळली ते बघायचं. पाळीव बदकाची शेपटीतून निघून वर वळतात, फाल्केटेडची पंखातून निघून खाली झुकतात. आपल्याकडे ग्वाल्हेरातच मोरारच्या बाजूला एका तळ्यावर असला एक नर होता, डोकं हिरवं, छाती ठिपक्याठिपक्यांची. त्याच्यामुळे आजवर मला तीन उत्साही फोन आलेत.

डोक्याच्या रंगाबद्दल तू 'गडद' एवढंच लिहिलंस, हिरवं लिहिलं नाहीस. हा प्रामाणिकपणा सोडू नकोस. पुस्तकातल्या चित्रात फाल्केटेडचं कपाळ आणि टाळू तांबूस-जांभळी, डोळ्यापासून मानेपर्यंतचा भाग पाचूसारखा हिरवा. पण तो हिरवा म्हणजे पिसात भरलेला रंग नव्हे. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो आणि आपल्याला हिरवा दिसतो, मोरपिसासारखंच. उजेडाचा कोन बदलला की तेच डोकं काळं, निळं, जांभळं. थापट्याचं हिरवं डोकं ढगाळ सकाळी ठार काळं दिसतं. कोहरा नुकताच उठत असताना तुला हिरवं दिसलं असतं तर मलाच जरा शंका आली असती. म्हणून बदकांत रंगाआधी आकृती बघावी: चोच केवढी, कपाळ कसं उतरतं, मानेमागे फुगवटा आहे का, शेपटी टोकदार की बोथट, पांढरं नेमकं कुठे. मानेमागे केस लोंबल्यासारखं तू लिहिलंस, ते आकृतीचं निरीक्षण आहे, म्हणून माझ्या लेखी ते पिवळ्या डागापेक्षा वजनदार.

उजेडावरून आठवलं. राजघाटला आपण मुरैन्याच्या अंगाने उतरतो, म्हणजे नदीच्या दक्षिण काठावर. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला, म्हणजे आपल्या पाठीशी. पलीकडे धौलपूरच्या काठाने उभ्या असलेल्या माणसाला तेच बदक नुसती काळी सावली दिसेल. चंबळ इतक्या सोयीने वाहते, हे आपलं भाग्य. मात्र अकरानंतर वाळूवरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधून, म्हणजे मोठ्या दुर्बिणीतून, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. तेव्हा उत्तम वेळ म्हणजे कोहरा उठल्यापासून अकरापर्यंत. जानेवारीत कधीकधी ती जेमतेम तासाभराचीच असते.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे टील म्हणणाऱ्यांचा तुला राग येणार नाही. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. तिघऱ्याच्या धरणावर असाच कोहरा होता. (तिघरा सांक नदीवर. ज्या स्वयंचलित दरवाज्यांची विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्यावर सुरुवात केली, तेच पुढे तिघऱ्यावर बसले. पुण्याहून पाहुणे आले की मी हे आवर्जून सांगतो. ग्वाल्हेर म्हणजे फक्त किल्ला आणि तानसेन असं त्यांना वाटतं.) तर त्या धुक्यात मला एक बदक दिसलं, गोल गुलाबीसर डोकं. दुसरं काही नाही, फक्त डोकं. मी स्कूटर काढली आणि थेट एका ज्येष्ठ पक्षीमित्रांचं घर गाठलं. पिंक-हेडेड डक, म्हणालो. हे बदक गंगेच्या खोऱ्यातल्या दलदलीत असायचं. रानात त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १९३५ साली दरभंग्याकडे मिळाला, त्यानंतर कोणाला पुराव्यानिशी दिसलेलं नाही. आणि मी ते तिघऱ्यावर शोधून आलो होतो! त्यांनी चहा मागवला आणि एकच विचारलं, "कूस कोणत्या रंगाची होती रे?" मी म्हणालो, पांढरी. "मग लालसरी आहे. पिंक-हेडेडचं अंग गडद तपकिरी, कुशीसकट." लालसरी म्हणजे रेड-क्रेस्टेड पोचार्ड. सुंदर बदक, पण दर हिवाळ्यात येणारं. डोकं इतकं देखणं होतं की बाकीचं बदक मी पाहिलंच नव्हतं. कूस पांढरी असल्याचं माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं, पण ती बघताना मनात नाव आधीच ठरलेलं होतं.

म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी सगळ्यांवर लादतो. बदक डोळ्यांसमोर असताना पुस्तक किंवा फोन उघडायचा नाही. आधी वही. वेळ, अंतर, उजेड कुठल्या बाजूने, शेजारी कोण, ते काय करत होतं, आणि चोचीपासून शेपटीपर्यंत जे दिसलं ते. जे दिसलं नाही तेही, 'पाय दिसले नाहीत', 'गळा झाकलेला'. वाटेल तसं वेडंवाकडं चित्र. पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलं की आठवणीतलं बदक हळूहळू त्या चित्रासारखं होत जातं, आणि दोन दिवसांनी आपण शपथेवर सांगू शकतो की विळे पाहिले होते. ओळख सांगणारं फोनमधलं ॲपही नंतरच. आणि कृपा करून हललेले फोटो 'सुधारणाऱ्या' ॲपमध्ये घालू नकोस. ते पिसं शोधत नाहीत, पिसं बनवतात. मूळ फोटो धूसर असला तरी त्यातली काळी-पांढरी जागा खरी असते.

तू त्या दिवशी काही टिपलं नसशील तर आज, हे वाचायच्या आधी... बरं, तो क्षण गेला. तरी तुझं मला आलेलं पत्र पुस्तक बघितल्यानंतरचं असूनही त्यात विळ्यांचा उल्लेख नाही, पांढऱ्या गळ्याचा नाही. म्हणजे तू पुस्तकातून उचललं नाहीस. यामुळेही माझा विश्वास वाढलाय. मामांना मात्र वेगळं विचार, तुझ्या उत्तराशिवाय. त्यांना बदकांतलं काही कळत नसेल तर फारच छान.

फाल्केटेड इथे यावं कसं, हा प्रश्न तुला पडला असेल. त्याचं घर पूर्व सैबेरिया, मंगोलिया, चीनचा ईशान्य भाग, जपानचा उत्तर भाग. हिवाळ्यात बहुतेक सारे चीन, कोरिया, जपानकडे उतरतात. थोडे पश्चिमेकडे भरकटतात आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात कुठे ना कुठे एखाददुसरा दिसतो. गॅडवॉल आणि विजन या बदकांच्याच जातकुळीतला तो. घर सोडताना ज्यांच्या सोबतीला लागला त्यांच्याच रस्त्याने येतो, म्हणून गॅडवॉलच्या थव्यात सापडणं अगदी अपेक्षित. आपल्याकडून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर भरतपूर. बदकांना हे अंतर म्हणजे लष्करातून मोरारला जाणं. भरतपूरला पाणी कमी झालं की नदीवर बदकं वाढतात, असा माझा अनुभव. चंबळच्या मुख्य धारेत पाणी खोल आणि स्वच्छ. पाण्यावर तरंगून वरवर खाणाऱ्या बदकांना तिथे फारसं खायला नाही. ती दिवसा वाळूच्या पट्टीवर आराम करतात आणि खायला बहुतेक रात्री उथळ जागी, शेताकडे जातात. म्हणजे तुझं बदक राजघाटला जेवायला नव्हे, झोपायला आलं होतं. आणि झोपायची जागा बदकं सहसा सहजी बदलत नाहीत. उडवून लावली नाहीत तर.

इथे नाववाल्यांचा विषय येतो. चंबळवरच्या मंडळींच्या भाषेत चक्रवाक म्हणजे सुरखाब आणि उरलेली सगळी बदकं मुर्गाबी. ("तुला काय सुरखाबाचे पर लागलेत?" हे आपण घरात ज्या पक्ष्यावरून म्हणतो तो हाच, राजघाटला जोड्याजोड्यांनी बसलेला असतो. पर कुणालाच लागलेले नसतात, पक्षी मात्र खरंच देखणा आहे.) तू 'फाल्केटेड देखा क्या' विचारलंस तर मान हलेल आणि नाव सुरू होईल. त्याऐवजी विचार, "भैया, मुर्गाबियों में कोई एक अलग दिखती है क्या, गर्दन पे बाल जैसी?" ही माणसं रोज त्याच थव्यांसमोरून जातात, त्यांना वेगळेपण बरोबर कळतं. मग सांगायचं, इंजिन बंद करा आणि नाव प्रवाहाबरोबर तिरकी येऊ द्या, थेट थव्याकडे नको. बदकं मान वर करून एकमेकांकडे सरकायला लागली की तिथेच थांबायचं. ती सूचना असते, आणखी दहा हात पुढे गेलं की उडणार. एक बदक उडालं की त्याने रात्री मिळवलेली शक्ती उगीच जाते, आणि आपल्याला मिळतो फक्त पार्श्वभागाचा फोटो. खरं तर नावेपेक्षा काठावरून स्कोप बरा. काठावर पाण्याच्या अगदी कडेला मात्र बसू नकोस. घडियाल माणसाच्या वाटेला जात नाही, मगरीचं तसं नाही, आणि चंबळमध्ये दोन्ही आहेत.

चंबळवर फसवणारे आणखी दोघे-तिघे. मोठी टिबुकली, म्हणजे ग्रेट क्रेस्टेड ग्रीब, टोकदार चोच आणि लांब पांढरी मान. तिला बघून लोक मर्गान्झर म्हणतात, जे हिमालयातल्या नद्यांवरचं मासेखाऊ बदक. दुसरा घोळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. बदकांचे नर पावसाळ्याच्या दिवसांत पिसं टाकून मादीसारखे मळकट होतात आणि आपल्याकडे येताना बरेचसे त्याच वेषात असतात. त्या महिन्यांत कोणी एकट्या तपकिरी बदकाला दुर्मीळ नाव दिलं की मी ऐकून घेतो आणि विषय बदलतो. तुझी तारीख डिसेंबरअखेरची. तोवर नर पूर्ण सजलेले असतात, त्यामुळे ही अडचण तुझ्या वाट्याला नाही. फाल्केटेड मादी असती तर मी हे उत्तर लिहायलाच घेतलं नसतं. ती गॅडवॉलच्या मादीसारखी तपकिरी, फक्त चोच सगळी काळपट, नारिंगी कडा नाही, पंखावर पांढरा चौकोन नाही, डोकं जरा सपाट रंगाचं. दीडशे मीटरवरून कोण सांगणार!

शेवटची शंका संकराची. बदकं या बाबतीत फार उदार. गॅडवॉल आणि फाल्केटेड यांची मिश्र पिल्लं होतात, विजन आणि फाल्केटेड यांचीही. त्यांचं डोकं हिरवट, मान थोडी फुगीर, पण गळ्यावरची कडी अर्धवट, विळे आखूड. म्हणूनच गळा आणि विळे या दोन गोष्टींवर मी एवढा अडून बसलोय. त्या दोन्ही पूर्ण असतील तर प्रश्न मिटला.

नोंद कशी करायची? फोटो आणि वर्णन दोन्ही लावून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाक. तिथे हा पक्षी दुर्मीळ म्हणून वेगळा निघेल आणि तपासणारा माणूस प्रश्न विचारेल. त्याला अपमान समजू नकोस. खात्री झाली नाही तर 'गॅडवॉल-फाल्केटेडपैकी' असं काही न करता सरळ 'अनोळखी बदक' लिही आणि वर्णन जोड. असल्या अनोळखी नोंदी पुढे कामाला येतात. चुकीची ठाम नोंद कुणाच्याच कामाची नाही. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, भारतात ती १९८७ पासून चालू आहे. त्या दिवसांत राजघाटच्या बाजूला मोजायला कोणी जात असेल तर त्यांना आधी सांगून ठेव, चार जोडी डोळे मिळतील. वनखात्याच्या चौकीवरही सांग, हा अभयारण्याचा भाग आहे. सगळ्या जगाला नेमकी जागा लगेच सांगू नये असं माझं मत आहे. शिकारीच्या भीतीपेक्षा मला मोठ्या लेन्सवाल्या आठ नावांची भीती जास्त वाटते.

या चंबळवरून खाली उतरत गेलं की यमुनेला मिळते ती जागा इटावा जिल्ह्यात. १८५७ च्या धामधुमीत तिथे ए. ओ. ह्यूम कलेक्टर होते. पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करणारे तेच. पक्ष्यांचं वेड त्यांना असं होतं की हजारो नमुने जमवले, आणि आपल्याकडच्या बदकांबद्दल सुरुवातीचं बरंच ज्ञान त्यांच्या टिपणांतून आलं. त्या काळी हातात बदक असल्याशिवाय ओळख मानत नसत. तुला बंदूक लागत नाही, नुसता धीर लागतो.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी फारशी कोणाला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत याच नदीवर मी पाणचिऱ्यांचे फोटो काढत होतो. नारिंगी चोचीचे, खालची चोच पाण्यात खुपसून धार चिरत जाणारे पाणचिरे. पाऊण तास दुसरीकडे पाहिलं नाही. मागे गॅडवॉलचा थवा होता, हे माहीत होतं, म्हणजे गॅडवॉल आहेत म्हणून बघितला नव्हता. मे महिन्यात सुट्टीत संगणकावर फोटो निवडत बसलो. एका फोटोत पाणचिऱ्याच्या पंखामागे, धूसर, एक बदक: डोकं काळं, गळा पांढरा, अंग राखाडी, मागे काहीतरी फिकट लोंबणारं. कडी दिसत नाही, तिच्यावर नेमका पाणचिऱ्याचा पंख आलाय. पुढचा-मागचा एकही फोटो त्या कोनातला नाही. तो फोटो मी अजून ठेवलाय, नोंद मात्र कुठेही केली नाही.

तर आता तू काय करायचं. आज रात्री सगळे फोटो मोठ्या पडद्यावर उघड, उडतानाचे आधी, आणि गळा व पंख एवढंच बघ. जे दिसेल ते दोन ओळींत मला कळव, मूळ फोटो जसेच्या तसे पाठव. आठवडाभरात गेलं तर ते अजून तिथे असायची बरीच शक्यता आहे. या रविवारी मी निघतोय. लष्करातून राजघाट ६०-६५ किलोमीटर, पण कोहऱ्यात हायवेवर घाई नको, म्हणून सातला निघू. कोहरा उठेपर्यंत घाटावर पोचलो की पुरे. मामांना यायचं असेल तर गाडीत जागा आहे. स्कोप माझा आहे, वही तुझी तू आण, आणि येताना मुरैन्यात गजक घ्यायला थांबायचं आहे, संक्रांत जवळ आलीय आणि घरून तशी ताकीद आहे.